मंडळी कोणाची?

कवी नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली ती १९१७ साली, वयाच्या ५५ व्या वर्षी. बावीस वर्षं ज्या मिशनच्या आधारानं त्यांचा संसार चालला, ज्यानं त्यांना अहमदनगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवायला बसवलं, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा दिली, त्या मिशनशी त्यांचा उघड बेबनाव झालेला नव्हता. ख्रिस्तावरची निष्ठा तर तसूभरही ढळली नव्हती. मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी भागाचं संपादनही ते पुढं करत राहिले. सुटला तो पगार, आणि पगाराबरोबर येणारं वरिष्ठांचं छत्र. आपण संन्यास घेतला असं त्यांनी जाहीर केलं, साताऱ्याला बिऱ्हाड हलवलं आणि तिथं ‘देवाचा दरबार’ मांडला.

दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एका पंगतीत बसणार होते. आज वाचताना ही गोष्ट साधी वाटेल. त्या काळच्या मंडळ्यांना ती तशी वाटणं शक्यच नव्हतं. ख्रिस्ती मंडळीत शिरायचं तर दार एकच, बाप्तिस्म्याचं, हे बहुतेक सर्व पंथांचं शेकडो वर्षांचं शिक्षण. ते दार कोणी उघडायचं, कोणासाठी उघडायचं, हे पाळक आणि वडीलमंडळ ठरवणार. टिळकांनी या दोन्ही गोष्टींना एकाच वेळी हात घातला. शिकवण कोणती, आणि ती ठरवायचा अधिकार कोणाचा?

अँग्लिकन चर्चमध्ये आज जो कलह चालू आहे तो याच दोन प्रश्नांवरून. ३ ऑक्टोबर २०२५ ला सारा मुलाली यांचं नाव कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी जाहीर झालं. त्या परंपरेतल्या १०६ व्या, आणि पहिल्या स्त्री. दोन आठवडेही झाले नाहीत तोच ‘गॅफकॉन’ या परंपरानिष्ठ गटाचे अध्यक्ष, रवांडाचे आर्चबिशप लॉरेंट म्बांडा यांनी निवेदन काढलं, की कँटरबरीभोवती उभी असलेली जुनी रचना आम्ही मानत नाही, जागतिक अँग्लिकन बंधुभाव आता आम्ही नव्यानं मांडतो. स्त्री आर्चबिशप हे तात्कालिक निमित्त. खरी ठिणगी आधीची. इंग्लंडच्या चर्चच्या महासभेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना वाट करून दिली, तेव्हाच आफ्रिका-आशियातल्या अनेक प्रांतप्रमुखांनी कँटरबरीचं अग्रपण नाकारलं होतं. त्याही मागं गेलं तर गॅफकॉनचं २००८ चं जेरुसलेमचं अधिवेशन, २००३ साली अमेरिकेत बिशप झालेले समलिंगी जीन रॉबिन्सन, जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेचा समलिंगी संबंधांविरुद्धचा ठराव, अशी ही साखळी लांबत जाते.

वाचकाला इथं अडखळायला होतं ते एका कारणानं. अँग्लिकनांना पोप नाही. आठव्या हेन्रीनं १५३४ मध्ये रोमशी संबंध तोडून स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख म्हणवून घेतलं, पण बिशप, प्रीस्ट, डीकन ही जुनी उतरंड तशीच ठेवली. साम्राज्याबरोबर हे चर्च जगभर पसरलं, ठिकठिकाणी स्वायत्त प्रांत झाले, आणि कँटरबरीचा आर्चबिशप त्या सगळ्यांत मानाचा पहिला, एवढंच त्याचं स्थान उरलं. तो बोलावतो, अध्यक्षस्थानी बसतो. हुकूम सोडू शकत नाही. पहिली लॅम्बेथ परिषद १८६७ मध्ये भरली तीसुद्धा एका भांडणापायी. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीचे बिशप जॉन कोलेन्सो झुलू लोकांमध्ये काम करता करता त्यांच्याच प्रश्नांनी विचारात पडले, आणि मोशेच्या पुस्तकांतला शब्द न् शब्द इतिहास म्हणून खरा नाही असं लिहून बसले. त्यांना पदावरून काढलं गेलं, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं ते काढणं रद्द ठरवलं, आणि मग प्रश्न उभा राहिला की वसाहतीतल्या बिशपावर शेवटचा शब्द कोणाचा. त्याचं पक्कं उत्तर त्या परिषदेला देता आलं नाही. आजवर कोणत्याच परिषदेला आलेलं नाही.

आपल्या मुलखात हे चर्च साहेबांबरोबर आलं. मुंबईचा धर्मप्रांत १८३७ चा. सातारा जिल्ह्यात अँग्लिकन खुणा शोधायच्या तर थंड हवेच्या ठिकाणी जावं लागतं: महाबळेश्वरचं ख्राइस्ट चर्च, पाचगणीचं सेंट पीटर्स. खाली सातारा-वाई भागात काम होतं ते अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे काँग्रिगेशनल पंथाचं. त्यांच्यात बिशपच नाही, प्रत्येक मंडळी आपली मुखत्यार. आणखी दक्षिणेला कोल्हापूर, सांगली, मिरज हा मुलूख अमेरिकन प्रेसबिटेरियनांचा. मिरजेला १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी ज्या इस्पितळाचा पाया घातला ते याच मिशनचं. तिथं सत्ता वडीलमंडळाची.

हे दक्षिणेकडचं मिशनही भांडणातूनच जन्मलेलं. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापूरला गेले, शाळा काढू लागले. अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या बोस्टनच्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांचं धोरण उलटं होतं: शाळा कमी करा, उपदेश वाढवा. बोर्डानं कोल्हापूरचं ठाणं बंद केलं, तर वाइल्डर स्वतःच्या हिमतीवर परत आले आणि एकट्यानं काम चालवून १८७० मध्ये ते प्रेसबिटेरियन बोर्डाच्या हवाली केलं. एका अमेरिकन माणसाला बोस्टनशी भांडून परत येण्याची मुभा होती. एखाद्या मराठी पाळकाला तसं करता आलं असतं का, हे पुढं टिळकांच्या गोष्टीत कळतं.

पण मराठी माणसानं अँग्लिकन चर्चच्या तोंडावर हे प्रश्न विचारले ते टिळकांच्याही ३० वर्षं आधी. ती मराठी व्यक्ती २५ वर्षांची विधवा होती आणि तिच्या पदरी एक लहान मुलगी होती.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला पोचल्या. पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या अँग्लिकन भगिनींशी त्यांची ओळख झाली होती. या भगिनींचा मूळ मठ ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज गावी. तिथं २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि त्यांची मुलगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. रमाबाईंचं मन वळण्यात नीळकंठशास्त्री नेहेम्या गोऱ्हे यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता. काशीचे हे पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले, आणि परंपरेला घट्ट धरून राहणाऱ्या उच्च अँग्लिकन पक्षाचे. रमाबाईंना आत आणणारा माणूस परंपरेचा कट्टर रक्षक होता, आणि आत आल्यावर वर्षभरात त्या परंपरेला प्रश्न विचारू लागल्या.

पहिला खटका उडाला तो धर्मतत्त्वावरून नव्हेच. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात डोरोथिया बील यांच्याकडे रमाबाई शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. हिंदुस्थानात जाणाऱ्या इंग्रज तरुणांना त्यांनी भाषा शिकवावी असा विचार निघाला, तर लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांनी विरोध केला. पुरुषांना शिकवलं तर मायदेशी तिची पत जाईल, असा त्यांचा युक्तिवाद. कलकत्त्याच्या पंडितसभेत ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेल्या, गावोगाव पुरुषांच्या सभांपुढं पुराणं सांगत हिंडलेल्या बाईला तिच्याच देशात काय चालतं हे बिशप सांगत होते. रमाबाईंनी कळवलं की आपल्या विवेकाला पटेल ते आपण करू, परवानगी मागणार नाही.

मग गोष्टी एकातून एक निघत गेल्या. भगिनींच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं का, लॅटिनमध्ये असं काय पवित्र आहे जे संस्कृतात नाही? भारतातल्या भगिनींना कळेल अशा भाषेत ते असू नये का? रमाबाई मांसाहार करत नसत, अंडं घातलेला पदार्थही टाळत. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना ते जातीच्या अभिमानाचं शेपूट वाटे. ही दोघींची पत्रं छापून आलेली आहेत. ती वाचताना कोणाही एकीची बाजू घेऊन मोकळं होता येत नाही. जेराल्डीन यांच्या पत्रांत खरी माया आहे, काळजी आहे. आणि आपण जे शिकवतो ते तपासून पाहण्याचा हक्क या नवशिक्या मुलीला आहे, ही कल्पना मात्र त्यांना शिवतही नाही.

शेवटी गाडी त्रैक्यावर आली. बाप, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव, हे जसं सांगितलं जातं तसं आपल्याला शास्त्रात सापडत नाही, असं रमाबाईंनी लिहिलं. कुमारीच्या पोटी जन्म, चमत्कार यांवरही शंका काढल्या. आणि सर्वांत ठाम नकार दिला तो अथानेशियसच्या मतांगीकाराला. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकानं हा मतांगीकार वर्षातल्या १३ सणांना म्हणायला सांगितला होता, आणि त्यात स्पष्ट शब्दांत येतं की हा विश्वास जो अखंड धरणार नाही त्याचा सर्वकाळ नाश होईल. ज्या देशात आपल्या आईबापांसकट कोट्यवधी माणसं हे न ऐकता मेली, त्या देशातून आलेल्या मुलीनं हे उभं राहून म्हणायचं होतं.

यात रमाबाई एकट्या नव्हत्या, हे ध्यानात घ्यायला हवं. इंग्लंडमध्येच १८७० नंतरच्या काही वर्षांत याच मतांगीकारावरून रान पेटलं होतं, मोठेमोठे धर्मगुरू तो वगळा म्हणत होते. अमेरिकेतल्या अँग्लिकनांनी तर तो १७८९ मध्येच आपल्या प्रार्थनापुस्तकातून काढून टाकला होता. इंग्रज डीननं शंका घेतली तर तो विद्वानांचा मतभेद, आणि रमाबाईंनी घेतली तर तो गर्व आणि आज्ञाभंग. शंका तीच होती, ती घेणारं माणूस वेगळं होतं.

रमाबाईंनी दिलेलं उत्तर साऱ्या वादाच्या मुळाशी जातं. एका भटशाहीच्या जोखडातून महत्प्रयासानं मान सोडवली, ती लगेच दुसऱ्या भटशाहीच्या जोखडात देणार नाही, अशा आशयाचं त्यांनी जेराल्डीन यांना कळवलं. हे वाक्य लिहिणारी बाई ख्रिस्ती होती, मरेपर्यंत राहिली. १८८६ च्या आरंभी त्या आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या आणि अँग्लिकन चौकटीत परतल्याच नाहीत. पुढं त्रैक्यावरच्या शंकाही मावळल्या. केडगावच्या आपल्या ‘मुक्ती’ आश्रमात त्यांनी जो ख्रिस्ती धर्म उभा केला तो शिकवणीच्या दृष्टीनं पुष्कळच परंपरागत होता. बिशप मात्र त्यात नव्हता. म्हणून मला वाटतं, की त्यांचं खरं भांडण त्रैक्याशी नव्हतंच, त्रैक्य मान्य कर असा हुकूम सोडण्याशी होतं.

टिळकांचं याच्या उलट. त्रैक्यासारख्या एकाही धर्मतत्त्वाला त्यांनी हात लावला नाही. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं दिलेलं बायबल वाचून ते ख्रिस्ताकडे वळले आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागून ख्रिस्ती झाल्या त्या पाच वर्षांनी, स्वतःच्या बुद्धीनं, स्वतःच्या वेळेला. ती सगळी उलथापालथ लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. टिळकांची तळमळ वेगळी होती. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते म्हणत आणि अभंग, भजन, कीर्तन यांतून ख्रिस्त गात. त्यांची शंभराहून अधिक पदं आजही मराठी चर्चमध्ये टाळमृदंगावर गायली जातात.

त्यांना सलत होती ती व्यवस्था. काँग्रिगेशनल पंथात मंडळी स्वतंत्र, हे तत्त्व कागदावर होतं. प्रत्यक्षात ‘मंडळी’ वेगळी आणि ‘मिशन’ वेगळं. मिशन म्हणजे परदेशी मिशनऱ्यांची सभा, तिजोरी तिच्याकडे. पाळक, मास्तर, बायबल वाचणाऱ्या बायका, सगळ्यांचे पगार तिथून. मंडळीनं पाळक निवडायचा खरा, पण पगार कोण देतो हे निवडणाऱ्यालाही ठाऊक आणि निवडल्या जाणाऱ्यालाही. बिशप नसलेल्या मिशनमध्ये हुकमत अशी पैशातून चाले. त्यात १९१७ हे साल. होमरूलची चळवळ जोरात, ऑगस्टमध्ये माँटेग्यूंची जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा झालेली. देशाला स्वराज्य हवं असं म्हणणाऱ्या कवीला चर्चमधलं परराज्य बोचावं, यात नवल कसलं? महिन्याचा पगार सोडणं हेच त्यामुळं पहिलं पाऊल झालं.

सातारा हेही या प्रयोगाला साजेसं ठिकाण होतं. देव आणि माणूस यांच्यामध्ये भट कशाला, हा प्रश्न सत्यशोधक मंडळी याच जिल्ह्यात गावोगाव विचारत होती, भटाशिवाय लग्नं लावत होती. त्या वातावरणात टिळकांचा दरबार उभा राहिला. ख्रिस्त हा गुरू, त्याच्याभोवती जमतील ते सारे भाऊ-बहीण. कोणी बाप्तिस्मा घेवो न घेवो, आपल्या कुळात राहो वा बाहेर पडो. मिशनचं नाव नाही, पंथाचं नाव नाही.

इथं थांबून विरोधकांचं म्हणणं नीट ऐकायला हवं, कारण टिळकांवर प्रेम करणारे आपण ते सहसा ऐकत नाही. अहमदनगर-सातारा भागातल्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्या महार-मांग कुटुंबांच्या होत्या. बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांतल्या कितीकांना गावकीचे हक्क सोडावे लागले, पाणवठ्यावरून भांडणं सोसावी लागली. त्यांना बाप्तिस्मा म्हणजे नुसता विधी नव्हता. जन्मानं ठरलेली जागा सोडल्याची ती खूण होती. प्रभुभोजनाला एकाच प्याल्याला ओठ लावणारी माणसं ही त्या बाप्तिस्म्यानं बांधलेली. आता एखादा उच्चवर्णीय ख्रिस्तभक्त बाप्तिस्मा न घेता, जात न सोडता दरबारात येऊन बसणार असेल, तर ज्यांनी सर्वस्व सोडलं त्यांनी काय समजायचं? हा प्रश्न परंपरेच्या बाजूनं येतो आणि तो टिळकांच्या प्रश्नाइतकाच न्यायाचा आहे. जुनी शिकवण म्हणजे नेहमी वरच्यांची सोय, असं समजणं चूक आहे. कधी कधी तळातल्या माणसाला आधार असतो तो त्याच शिकवणीचा. टिळकांपाशी याला काय उत्तर होतं हे दिसायला दरबाराला वर्षं मिळायला हवी होती. ती मिळाली नाहीत. ९ मे १९१९ ला मुंबईत टिळक वारले. दरबार जेमतेम दीड-पावणेदोन वर्षांचा. त्यांच्यामागं तो संस्था म्हणून तगला नाही.

अँग्लिकनांपर्यंत तो पोचला मात्र. अहमदनगरला अमेरिकन मिशन १८३१ पासून होतं आणि १८७० नंतर अँग्लिकनांचंही मिशन त्याच जिल्ह्यात आलं. त्या मिशनमधले एक तरुण प्रीस्ट, जॅक विन्सलो, टिळकांचे स्नेही. त्यांनी टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं ते १९२३ मध्ये, पण त्याआधीच ११ जून १९२२ ला अहमदनगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला. इंग्रज आणि मराठी बंधू एकत्र राहणार, खादी नेसणार, जमिनीवर बसून जेवणार, उपासनेत टिळकांची भजनं म्हणणार. पुढं संघ पुण्याला शिवाजीनगरात आला.

दरबार आणि संघ यांत एक मोठा फरक होता. विन्सलो बिशपाच्या आज्ञेतले प्रीस्ट होते, त्यामुळं प्रत्येक पाऊल परवानगीनं टाकावं लागे. मोठी अडचण प्रार्थनापुस्तकाची. १६६२ चं इंग्रजी पुस्तक कायद्यानं बांधलेलं, त्यातला शब्द बदलायचा तर हिंदुस्थानातल्या बिशपालाही हात आखडता घ्यावा लागे. विन्सलो आणि ई. सी. रॅटक्लिफ यांनी १९२० मध्ये प्रभुभोजनाच्या भारतीय उपासनाविधीची मागणी करणारं पुस्तक सहकाऱ्यांसह काढलं होतं. भारतातली सर्वांत जुनी ख्रिस्ती परंपरा केरळच्या सिरियनांची, तर तिचा ढाचा घ्यावा, इंग्लंडचा का? सुदैवानं मुंबईचे बिशप त्या वेळी एडविन पामर होते. हा माणूस बिशपपदावर बसून बिशपपदाच्या मर्यादा ओळखणारा. त्यांच्या काळात हा विधी प्रयोग म्हणून वापरायची वाट मोकळी झाली. इंग्लंडच्या राज्यसत्तेशी चर्चचं नातं तोडावं म्हणून झटणाऱ्यांतही पामर पुढं होते. १९२७ चा कायदा झाला आणि १ मार्च १९३० पासून भारत, ब्रह्मदेश व सिलोनचं अँग्लिकन चर्च स्वतःचं मुखत्यार झालं. तोवर इथल्या जुन्या बिशपपदांवर नेमणूक होई ती राजाच्या नावानं.

कागदावर सुटलेली गाठ मनातून सुटायला वेळ लागतो, हे संघातल्याच एका तरुणानं अनुभवलं. व्हेरियर एल्विन, स्वतः एका बिशपाचा मुलगा, १९२७ मध्ये संघात आला. गांधींच्या ओढीनं काँग्रेसच्या बाजूला गेला, संघातून बाहेर पडला आणि १९३२ च्या आरंभी संघातलेच मराठी सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह गोंडांच्या मुलखात करंजिया गावी जाऊन राहिला. तो भाग नागपूर धर्मप्रांतातला. बिशप अ‍ॅलेक्स वुड यांनी प्रीस्टचा परवाना देण्यासाठी राजनिष्ठेची शपथ मागितली. एल्विननं नकार दिला. चर्च राज्यापासून मोकळं होऊन दोन वर्षं झालेली, तरी वेदीपाशी उभं राहण्यासाठी सम्राटाशी इमान सांगावं लागत होतं! रोज भाकर मोडणं हे ज्याच्या जगण्याचं केंद्र होतं, त्याला ते बंद झालं. आणखी तीन वर्षं तगमग चालली आणि १९३५ मध्ये एल्विननं चर्चच सोडलं. गोंडांना ख्रिस्ती करायचं त्यानं आधीच नाकारलं होतं, तेव्हा शिकवणीचा मुद्दाही त्यात होता, हे मान्य. पण दार बंद झालं ते शपथेनं.

संघही १९३४ मध्ये दुभंगला. विन्सलो इंग्लंडला परतले, अविवाहित बंधूंचा ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ पुण्यात वेगळा झाला.

स्वातंत्र्यानंतर सूत्र बदललं. इंग्लंडात किंवा अमेरिकेत उपजलेली पंथांची भांडणं आपण का वागवायची, असा विचार इथल्या ख्रिस्ती नेत्यांनी आधीपासून मांडला होता. दक्षिणेत सप्टेंबर १९४७ मध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेसबिटेरियन, काँग्रिगेशनल एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया झालं. बिशपाच्या हातून दीक्षा न मिळालेल्या पाळकांना त्यात तसंच सामावून घेतलं, म्हणून इंग्लंडमधले परंपरानिष्ठ भडकले. आंध्रात नंद्यालच्या अँग्लिकनांनी तर एकीत यायला नकार दिला आणि ते १९७५ पर्यंत बाहेर राहिले. त्याच नंद्याल धर्मप्रांतात सप्टेंबर २०१३ मध्ये ई. पुष्पललिता बिशप झाल्या, त्या चर्चच्या पहिल्या स्त्री बिशप. इंग्लंडच्या चर्चला तेव्हा अजून एकही स्त्री बिशप मिळालेली नव्हती.

आपल्याकडची एकी नागपूरला झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. सहांमध्ये अँग्लिकन होते, तसंच काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियनांनी १९२४ मध्येच मिळून केलेलं संयुक्त चर्चही होतं. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाजूला झाले. सातारा आणि सांगली-मिरजेच्या मंडळ्या या वाटेनं बिशपांच्या छत्राखाली आल्या. ज्यांच्या आजोबांनी बिशप पाहिला तो महाबळेश्वरला उन्हाळ्यात आलेला साहेब म्हणूनच, त्यांना आता आपल्यातलाच एक माणूस बिशप म्हणून मिळणार होता. अट एवढी, की त्यानं घटनेनं बांधलेलं असावं आणि निवडणुकीच्या वाटेनं यावं.

दक्षिणेचा धडा घेऊन इथं समारंभातच सगळ्या चर्चच्या पाळकांनी एकमेकांच्या दीक्षा हात ठेवून एकत्र केल्या. कोणाची दीक्षा खरी, कोणाची अर्धी, हे उच्चारायचंच नाही. याहून धाडसी तडजोड बाप्तिस्म्याची होती. अँग्लिकन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणार, सहांतलेच बॅप्टिस्ट आणि ब्रदरन मोठेपणी स्वतः विश्वास कबूल केल्याशिवाय देणार नाहीत. यावरून युरोपात माणसं नदीत बुडवून मारली गेली होती. नव्या चर्चनं दोन्ही पद्धती मान्य केल्या. आईबापांनी ठरवावं, बाळाला बाप्तिस्मा हवा की नुसती समर्पणाची प्रार्थना, बाप्तिस्मा त्यानं जाणतेपणी घ्यावा. जुनी शिकवण मोडली नाही, तिची एकच रीत सर्वांवर लादण्याचा हट्ट सोडला. माझ्या मते नागपूरच्या त्या दिवसाचं हे सर्वांत मोठं काम आहे, आणि त्याची दखल महाराष्ट्रातच फार कमी घेतली गेली.

अधिकाराचा प्रश्न तरीही संपला नाही, तो जमिनीच्या उताऱ्यावर जाऊन बसला. मिशनऱ्यांनी सोडलेल्या चर्च, शाळा, दवाखाने यांच्या मिळकती एकत्र झालेल्या चर्चच्या, की मूळ मंडळीच्या विश्वस्तांच्या? गुजरातमधल्या ब्रदरन मंडळ्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ३० सप्टेंबर २०१३ ला निकाल लागला: नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावानं विश्वस्त संस्था विसर्जित होत नाही, तिची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही. बिशप मान्य केला तरी चर्चच्या किल्ल्या कोणाकडे, हे ठरवायला मंडळ्यांना धर्मादाय आयुक्तांचं आणि कोर्टाचं दार ठोठावावं लागतं. टिळकांनी पगार सोडून ज्या गाठीला हात घातला होता, ती हीच.

कँटरबरी आणि गॅफकॉन यांच्या ओढाताणीत तुम्ही कोणत्या बाजूला, असं आता जगभरच्या अँग्लिकनांना विचारलं जात आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अँग्लिकन बंधुभावात आहे, त्याचे बिशप लॅम्बेथला जातात. पण रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक मंडळातही ते आहे आणि मेथडिस्टांच्या जागतिक परिषदेतही आहे. मिरजेतला एखादा सभासद रविवारी उपासनेला बसतो तेव्हा त्याच्या मंडळीची परंपरा वॉनलेसच्या प्रेसबिटेरियन मिशनची असते, बिशपपद अँग्लिकनांकडून आलेलं असतं, आणि गायचं पद बहुधा टिळकांचं.